ल्युपस आणि मेंदूतला ॲन्युरिझम: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ल्युपस, म्हणजे प्रतिकारशक्ती स्वतःच्याच शरीरावर उलटण्याचा आजार, त्याचे उपचार चालू असतात, काही कारणाने मेंदूचा एमआरआय होतो आणि रिपोर्टात ‘ॲन्युरिझम’ हा शब्द येतो. घरातल्या सगळ्यांची झोप उडते. एक डॉक्टर म्हणतात लगेच ऑपरेशन करा, दुसरे म्हणतात थांबा, तिसरे म्हणतात आधी ल्युपस आटोक्यात आणा. बऱ्याचदा तिघांच्याही बोलण्यात तथ्य असतं, फक्त तिघं एकमेकांशी बोललेले नसतात. ही प्रश्नोत्तरं त्या गोंधळात सापडलेल्या रुग्णांसाठी आणि त्यांच्या घरच्यांसाठी आहेत. तुम्हाला तपासणाऱ्या डॉक्टरांच्या सल्ल्याची जागा ती घेऊ शकत नाहीत, पण त्यांच्यासमोर बसल्यावर काय विचारायचं याची तयारी नक्की करून देतील.

आधी सगळ्यात महत्त्वाचं: डोकं अचानक, एका मिनिटाच्या आत असह्य दुखायला लागलं, मान आखडली, उलट्या झाल्या, शुद्ध हरपली किंवा एका डोळ्याची पापणी एकदम खाली आली, तर पुढचं वाचत बसू नका. रुग्णवाहिका बोलवा आणि जिथे सीटी स्कॅनची सोय आहे अशा रुग्णालयात जा. स्वतः गाडी चालवू नका आणि मनाने वेदनाशामक गोळी घेऊ नका.

ॲन्युरिझम म्हणजे नेमकं काय?

मेंदूला रक्त नेणाऱ्या धमनीची भिंत एखाद्या जागी कमजोर होते आणि रक्ताच्या दाबाने तिथे फुगवटा येतो. जुन्या सायकलच्या ट्यूबला विरलेल्या जागी जसा फुगा येतो, तसंच. बहुतेक ॲन्युरिझम धमनीला फाटा फुटतो तिथे, एका बाजूला, पिशवीसारखे असतात. काहींत मात्र धमनीचा एक तुकडाच सगळ्या बाजूंनी फुगतो आणि चातीसारखा, म्हणजे मधे जाड आणि दोन्ही टोकांना निमुळता दिसतो. हा फरक लक्षात ठेवा, कारण ल्युपसमध्ये दुसरा प्रकारही आढळतो आणि त्याचे उपचार वेगळे असतात.

ॲन्युरिझम तसा दुर्मीळ नाही. प्रौढांमध्ये साधारण ३ टक्के लोकांच्या मेंदूत तो असतो. त्यातल्या बहुतेकांना तो आहे हे आयुष्यभर कळतही नाही आणि त्यापासून त्रासही होत नाही.

म्हणजे माझा ॲन्युरिझम ल्युपसमुळेच झाला, की तो योगायोग आहे?

एका वाक्यात उत्तर देता येत नाही. ल्युपसच्या रुग्णाला इतरांसारखा साधा ॲन्युरिझमही असू शकतो. शंभरातल्या तिघांना जे असतं, ते ल्युपस असलेल्यांनाही असणारच. पण लोकसंख्येवर आधारलेल्या अभ्यासांत ल्युपसच्या रुग्णांमध्ये मेंदूच्या आवरणाखाली रक्तस्राव (ॲन्युरिझम फुटला की होतो तसा) होण्याचं प्रमाण सर्वसामान्यांपेक्षा जास्त आढळलं आहे. म्हणून संबंध आहे हे मानायला आधार आहे. मात्र तो एकाच वाटेने येत नाही.

पहिली वाट थेट आजाराची. ल्युपसमध्ये शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच ऊतींवर उलटते. अँटिबॉडी आणि त्यांचे गट रक्तवाहिनीच्या भिंतीत साठतात, तिथे दाह होतो, भिंतीतला लवचीक थर आणि स्नायूंचा थर झिजतो आणि ती जागा फुगते. याला व्हॅस्क्युलायटिस म्हणतात. मेंदूच्या मोठ्या धमन्यांचा खराखुरा व्हॅस्क्युलायटिस ल्युपसमध्ये क्वचित होतो. पण झाला तर एकापेक्षा जास्त ॲन्युरिझम, चातीसारखे फुगवटे, नेहमीपेक्षा वेगळ्या जागा आणि थोड्या आठवड्यांत बदलणारा आकार असं चित्र दिसू शकतं.

दुसरी वाट रक्तदाबाची, आणि माझ्या मते हिच्याकडे सर्वांत कमी लक्ष दिलं जातं. ल्युपसमध्ये अनेकांच्या मूत्रपिंडाला इजा होते. मूत्रपिंड बिघडलं की रक्तदाब चढतो. त्यात दीर्घकाळ घेतलेली स्टेरॉइड्स रक्तदाब आणखी वाढवतात. चढा रक्तदाब हे ॲन्युरिझम होण्याचं आणि फुटण्याचंही मोठं कारण आहे. म्हणजे ल्युपसने मेंदूच्या धमनीला हातही न लावता, मूत्रपिंडाच्या आडून तिचं नुकसान होऊ शकतं.

तिसरी वाट धमन्या लवकर कडक होण्याची. ल्युपस असलेल्यांमध्ये चरबीचे थर बसून धमन्या खराब होण्याची प्रक्रिया तरुण वयातच सुरू होते. चौथी वाट संसर्गाची, तिच्याबद्दल पुढे स्वतंत्र प्रश्न आहे.

तुमच्या बाबतीत यातली कोणती वाट आहे, हे ठरवणं ही उपचाराची पहिली पायरी. तेवढ्यासाठी तरी ल्युपसवर उपचार करणारे संधिवाततज्ज्ञ आणि न्यूरोसर्जन या दोघांनी एकत्र बसायला हवं.

मग ल्युपसच्या प्रत्येक रुग्णाने मेंदूचा स्कॅन करून घ्यावा का?

नाही. काहीच लक्षणं नसताना सरसकट स्कॅन करण्याची शिफारस नाही. त्यातून एखादा २ मिलिमीटरचा निरुपद्रवी फुगवटा सापडतो आणि माणूस उरलेलं आयुष्य धास्तीत काढतो. रक्ताच्या नात्यातल्या, म्हणजे आईवडील, भावंडं आणि मुलं यांपैकी दोन किंवा जास्त जणांना ॲन्युरिझम असेल, मेंदूची नवी लक्षणं दिसत असतील किंवा शरीरात इतरत्र व्हॅस्क्युलायटिस असल्याचा संशय असेल, तर मात्र डॉक्टरांशी स्कॅनविषयी बोला.

ल्युपसमध्ये डोकं तसंही दुखतंच. धोक्याची डोकेदुखी ओळखायची कशी?

हा प्रश्न सगळ्यांत जास्त विचारला जातो. ल्युपसच्या रुग्णांना अर्धशिशी, ताणाची डोकेदुखी, आजार उसळल्यावरची डोकेदुखी असं काही ना काही चालूच असतं. वर्षानुवर्षं “ल्युपस आहे, डोकं दुखणारच” असं ऐकून रुग्ण स्वतःही तेच म्हणायला लागतात. धोका नेमका तिथेच आहे.

ॲन्युरिझम फुटल्यावरची डोकेदुखी तिच्या सुरुवातीवरून ओळखता येते. अर्धशिशी हळूहळू चढते, अर्धा तास, तास घेते. ही डोकेदुखी डोक्यात वीज कोसळावी तशी येते आणि काही सेकंदांत, फार तर मिनिटभरात शिगेला पोहोचते. रुग्ण सांगतात, “भांडी घासत होते, हातातलं भांडं ठेवायलाही वेळ मिळाला नाही.” त्या क्षणी आपण काय करत होतो, हे त्यांना नेमकं आठवतं. आपत्कालीन विभागात हेच सांगा: दुखणं कधी सुरू झालं, त्या क्षणी काय करत होता आणि ते पूर्ण जोरात यायला किती वेळ लागला. “खूप दुखतंय” यापेक्षा या तीन गोष्टींनी डॉक्टर जास्त सावध होतात. सोबत “मला ल्युपस आहे” आणि “मी रक्त पातळ करायच्या गोळ्या घेते किंवा घेत नाही” हेही पहिल्याच मिनिटात सांगा.

अशा प्रत्येक डोकेदुखीमागे ॲन्युरिझम असतोच असं नाही. ल्युपसमध्ये मेंदूच्या नीलांमध्ये गुठळी होऊ शकते, रक्तदाब एकदम चढून मेंदूच्या मागच्या भागाला सूज येऊ शकते, मेंदूच्या धमन्या तात्पुरत्या आकसू शकतात. यातलं काहीही घरी थांबून बघण्यासारखं नाही, त्यामुळे रुग्णालयात जाण्याचा निर्णय बदलत नाही.

फुटण्याआधी काही सूचना मिळते का?

बहुतेकदा नाही. काहींना मोठ्या रक्तस्रावाच्या काही दिवस आधी तशीच अचानक पण थोड्या वेळात ओसरणारी डोकेदुखी येऊन गेलेली असते. तो किंचितसा स्राव असू शकतो. दुसरी खूण डोळ्याची: एका बाजूची पापणी खाली येते, त्याच डोळ्याची बाहुली मोठी होते, एकाचे दोन दिसायला लागतात. डोळ्याच्या हालचाली सांभाळणाऱ्या नसेवर फुगवटा दाबत असल्याची ही खूण आहे. डोळ्यांच्या डॉक्टरांची पुढच्या आठवड्यातली वेळ घेऊ नका, त्याच दिवशी रुग्णालयात जा.

निदान कशाने होतं?

रक्तस्रावाचा संशय असेल तर पहिली तपासणी साधा सीटी स्कॅन. डोकेदुखी सुरू झाल्यापासून ६ तासांच्या आत, आधुनिक यंत्रावर केलेला आणि अनुभवी रेडिऑलॉजिस्टने पाहिलेला सीटी जवळजवळ प्रत्येक रक्तस्राव पकडतो. जसा उशीर होतो तशी ही खात्री कमी होत जाते. मग सीटी स्वच्छ असूनही संशय उरला, तर कण्यातून पाणी काढून त्यात जुन्या रक्ताचा पिवळसरपणा आहे का ते पाहतात. हा पिवळसरपणा दिसायला साधारण १२ तास लागतात. सीटी नॉर्मल आला तरी पाणी का काढायचं, असा प्रश्न घरच्यांना पडतो, त्याचं उत्तर हे.

धमनी दाखवण्यासाठी तीन तपासण्या आहेत. सीटी अँजिओग्राफी झटपट होते, पण तिला आयोडीनयुक्त कॉन्ट्रास्ट, म्हणजे धमन्या उठून दिसाव्यात म्हणून द्यायचं द्रावण, लागतो. एमआर अँजिओग्राफी कॉन्ट्रास्ट न देताही करता येते, म्हणून मूत्रपिंड बिघडलेल्या ल्युपसच्या रुग्णांना ती सोयीची पडते. ३ मिलिमीटरपेक्षा लहान फुगवटे मात्र तिच्यात निसटू शकतात. तिसरी डीएसए, म्हणजे मांडीतल्या किंवा मनगटातल्या धमनीतून बारीक नळी वर नेऊन काढलेली अँजिओग्राफी. सर्वांत बारकाईचं चित्र हिच्यातच मिळतं. क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचं काम दाखवणारी रक्ततपासणी) वाढलेलं असेल तर कॉन्ट्रास्ट देण्याआधी ते सांगा. मात्र जीवावर बेतलेलं असताना मूत्रपिंडाच्या भीतीने तपासणी अडवून ठेवू नये.

ल्युपसची एक खास अडचण आहे. रक्तस्राव झालेला दिसतो, पण पहिल्या अँजिओग्राफीत ॲन्युरिझम सापडत नाही. अशा वेळी काही दिवसांनी ती पुन्हा करतात. दुसरी अँजिओग्राफी सुचवली म्हणजे पहिली चुकली, असं समजू नका.

रिपोर्ट हातात आहे. त्यात काय शोधायचं?

समजा लिहिलं आहे: ‘४ मिमीचा पिशवीसारखा ॲन्युरिझम, अँटिरिअर कम्युनिकेटिंग आर्टरी, मान २ मिमी.’ यातला पहिला आकडा फुगवट्याचा सर्वांत मोठा व्यास. दुसरी माहिती जागेची, आणि ती आकाराइतकीच महत्त्वाची असते. मेंदूच्या मागच्या भागातल्या धमन्यांवरचे आणि पोस्टिरिअर कम्युनिकेटिंग आर्टरीवरचे ॲन्युरिझम जास्त फुटतात. ‘मान’ म्हणजे फुगवटा धमनीला जिथे जोडलेला असतो ते तोंड. ते अरुंद असेल तर आत कॉइल, म्हणजे प्लॅटिनमची मऊ तार, भरणं सोपं जातं, रुंद असेल तर कॉइल बाहेर सरकू शकते. कडा वेड्यावाकड्या असतील किंवा फुगवट्यावर आणखी एक छोटा फुगवटा असेल तर तेही लिहिलेलं असतं. ती काळजी वाढवणारी खूण आहे.

याशिवाय दोन गोष्टी विचारून घ्या: ॲन्युरिझम एकच आहे की जास्त आहेत, आणि बाकीच्या धमन्यांच्या भिंती कशा आहेत, कुठे आकसलेल्या, कुठे फुगलेल्या दिसतात का. व्हॅस्क्युलायटिसचा धागा त्या उत्तरात सापडतो. जुने स्कॅन असतील तर त्यांच्या सीडीही सोबत न्या, नुसते कागद पुरत नाहीत.

फुटलेला नाही. मग ऑपरेशन करायचं की नाही?

२००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या आंतरराष्ट्रीय अभ्यासाचे आकडे आजही या चर्चेत येतात. आधी कधी रक्तस्राव न झालेल्या रुग्णांत, मेंदूच्या पुढच्या बाजूच्या धमन्यांवरचे ७ मिलिमीटरपेक्षा लहान ॲन्युरिझम पाच वर्षांत जवळजवळ फुटलेच नाहीत. ७ ते १२ मिलिमीटरच्या ॲन्युरिझममध्ये हे प्रमाण २.६ टक्के होतं, १३ ते २४ मिलिमीटरमध्ये १४.५ टक्के आणि २५ मिलिमीटर किंवा त्याहून मोठ्यांमध्ये ४० टक्के. मागच्या बाजूच्या धमन्यांवर, आकाराच्या प्रत्येक गटात, धोका यापेक्षा जास्त निघाला.

पण हे आकडे ल्युपसच्या रुग्णांवरून काढलेले नाहीत. लहान ॲन्युरिझम फुटतच नाहीत असंही नाही. रुग्णालयात फुटून येणाऱ्यांत लहान ॲन्युरिझम भरपूर असतात, कारण मुळात लहानांचीच संख्या फार मोठी आहे. शिवाय ल्युपस तेव्हा सक्रिय असेल, रक्तदाब चढा असेल, किंवा दोन स्कॅनच्या मधल्या काळात आकार वाढला असेल, तर ४ मिलिमीटरकडेही वेगळ्या नजरेने पाहावं लागतं. उलट रुग्णाचं मूत्रपिंड, रक्त आणि फुप्फुसं थकलेली असतील तर ऑपरेशनचाच धोका फुटण्याच्या धोक्यापेक्षा मोठा ठरतो.

लहान, स्थिर, पुढच्या बाजूच्या ॲन्युरिझमसाठी रक्तदाब आवळून धरून नियमित स्कॅन करत राहणं हा पूर्ण विचार करून घेतलेला वैद्यकीय निर्णय असतो. “डॉक्टर काहीच करत नाहीत” असा त्याचा अर्थ नव्हे. घाबरून दुसऱ्याच दिवशी ऑपरेशनची तारीख घेणाऱ्यांना माझं कळकळीचं सांगणं आहे: न फुटलेल्या ॲन्युरिझमच्या बाबतीत दुसरं मत घ्यायला बहुतेकदा पुरेसा वेळ असतो. तो वेळ वापरा.

क्लिपिंग आणि कॉइलिंग यांत फरक काय?

क्लिपिंग म्हणजे कवटीचा छोटा भाग उघडून, सूक्ष्मदर्शकाखाली ॲन्युरिझमच्या मानेवर धातूची चिमटी बसवणं. रक्त पुढे धमनीतून जातं, फुगवट्यात शिरत नाही. वॉल्टर डँडी यांनी १९३७ साली पहिल्यांदा अशी क्लिप लावली.

कॉइलिंगमध्ये डोकं उघडावं लागत नाही. मांडीतून किंवा मनगटातून नेलेली नळी मेंदूच्या धमनीपर्यंत पोहोचते, तिच्या आतून आणखी बारीक दुसरी नळी थेट फुगवट्याच्या तोंडात शिरते. मग पडद्यावर पाहत पाहत प्लॅटिनमची मऊ तार आत सोडतात. ती आत जाताच आपोआप गुंडाळली जाते. पहिली तार चौकट तयार करते, नंतरच्या लहान लहान तारा पोकळी भरतात. प्रत्येक तार सोडण्याआधी कॉन्ट्रास्ट देऊन मूळ धमनी मोकळी आहे ना ते बघतात, मगच ती सुटी करतात. सुटी करता येणारी ही कॉइल गुईदो गुल्येल्मी यांनी विकसित केली आणि १९९० साली पहिल्या रुग्णात वापरली.

फुटलेल्या ॲन्युरिझमसाठी दोन्हींची तुलना करणाऱ्या, २१४३ रुग्णांच्या चाचणीचे निष्कर्ष २००२ मध्ये आले. एका वर्षानंतर मृत्यू किंवा परावलंबित्व कॉइलिंगच्या गटात सुमारे २४ टक्के होतं, क्लिपिंगच्या गटात सुमारे ३१ टक्के. दोन्ही उपाय शक्य असतील असे ॲन्युरिझमच त्या चाचणीत घेतले होते. कॉइल केलेला ॲन्युरिझम काही वर्षांनी पुन्हा थोडा उघडण्याची शक्यता जास्त असते, म्हणून त्याचे पुढचे स्कॅन चुकवून चालत नाही.

ल्युपसच्या रुग्णाला सहसा कॉइलिंग आधी सुचवलं जातं, कारण स्टेरॉइडमुळे जखम उशिरा भरते आणि प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या औषधांमुळे संसर्गाची भीती असते. पण धमनीची भिंत दाहाने नाजूक झालेली असते, नळी नेतानाही ती दुखावू शकते. चातीसारख्या फुगवट्याला तर धड मानच नसते, त्यामुळे साधी क्लिपही बसत नाही आणि साधी कॉइलही टिकत नाही. अशा वेळी फ्लो डायव्हर्टर (धमनीत बसवायची जाळीदार नळी), धमनीला बाहेरून आधार देणं, किंवा ती धमनी बंद करून दुसऱ्या धमनीने रक्त वळवणं, असे पर्याय पुढे येतात. हे रोज होणारं काम नाही. ते नेहमी करणाऱ्या मोठ्या केंद्रातच जावं, या मतावर मी ठाम आहे.

अँटिफॉस्फोलिपिड अँटिबॉडी पॉझिटिव्ह आहेत आणि फ्लो डायव्हर्टर सुचवला आहे. काय करावं?

फ्लो डायव्हर्टर ही दाट विणीची धातूची जाळीदार नळी असते. ती मूळ धमनीत बसवतात. रक्त सरळ पुढे जातं, फुगवट्यातला प्रवाह मंदावतो आणि काही महिन्यांत तो आतून बंद होतो. पण जाळीवर गुठळी होऊ नये म्हणून ॲस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल अशी दोन औषधं महिनोन्महिने एकत्र घ्यावी लागतात.

ल्युपसच्या साधारण तिसऱ्या हिश्शाच्या रुग्णांत अँटिफॉस्फोलिपिड अँटिबॉडी सापडतात, म्हणजे त्यांचं रक्त गोठण्याकडे झुकलेलं असतं. त्यातल्या काहींना आधीच गुठळी होऊन गेलेली असते आणि ते वॉरफरिन ही रक्त पातळ करणारी गोळी घेत असतात. आता हिशेब करा: वॉरफरिनच्या जोडीला ही दोन औषधं दिली तर रक्तस्रावाचा धोका, आणि न दिली तर जाळीत गुठळी होऊन पक्षाघाताचा. त्यातच ल्युपसमुळे प्लेटलेट कमी असतील तर गुंता आणखी वाढतो. हा निर्णय एकट्या न्यूरोसर्जनने किंवा एकट्या संधिवाततज्ज्ञाने घेऊ नये. रक्तविकारतज्ज्ञांनाही सोबत घ्यावं लागतं. जाळी न लागणारा पर्याय, म्हणजे क्लिप किंवा साधी कॉइल, शक्य आहे का हे अशा रुग्णाने आवर्जून विचारावं.

आधीपासून ॲस्पिरिन किंवा वॉरफरिन चालू आहे. ॲन्युरिझम कळल्यावर बंद करू का?

स्वतःहून अजिबात नको. कमी मात्रेच्या ॲस्पिरिनमुळे न फुटलेला ॲन्युरिझम फुटण्याचा धोका वाढतो, असं उपलब्ध अभ्यासांत दिसलेलं नाही. वॉरफरिनची गोष्ट वेगळी: ॲन्युरिझम फुटलाच तर रक्तस्राव मोठा होतो. पण अँटिफॉस्फोलिपिड सिंड्रोममध्ये, म्हणजे या अँटिबॉडींमुळे गुठळ्या होण्याच्या आजारात, ते एकदम बंद केलं तर गुठळीचा धोका समोर उभा राहतो. आयएनआर (वॉरफरिनचा परिणाम मोजणारी रक्ततपासणी) ठरलेल्या मर्यादेत आहे ना हे नियमित पाहणं, ही तुमच्या हातातली गोष्ट. तपासणीची कटकट नको म्हणून रक्त पातळ करणाऱ्या नव्या गोळ्यांकडे वळावंसं वाटेल, पण अँटिफॉस्फोलिपिडच्या तिन्ही प्रकारच्या अँटिबॉडी पॉझिटिव्ह असलेल्यांत त्या वॉरफरिनइतकं संरक्षण देत नाहीत, हे चाचण्यांत दिसून आलं आहे.

नुसत्या औषधांनी ॲन्युरिझम जाऊ शकतो का?

सक्रिय व्हॅस्क्युलायटिसमुळे झालेला असेल तर कधीकधी हो. जोरदार स्टेरॉइड आणि सायक्लोफॉस्फामाइड हे प्रतिकारशक्ती दाबणारं औषध दिल्यावर असे फुगवटे लहान झाल्याची किंवा नाहीसे झाल्याची उदाहरणं वैद्यकीय साहित्यात नोंदली आहेत. उपचार चालू असताना ते वाढल्याची आणि फुटल्याचीही उदाहरणं आहेत. ही सगळी एकेका रुग्णाची वर्णनं आहेत, मोठी चाचणी नाही. एवढ्या दुर्मीळ गोष्टीवर ती होणंही अवघड.

अशा वेळी सहसा मिथाइलप्रेडनिसोलोन शिरेतून तीन दिवस, मग तोंडाने प्रेडनिसोलोन हळूहळू कमी करत, आणि जोडीला सायक्लोफॉस्फामाइड किंवा रिटुक्सिमॅब असा मार्ग घेतात. काही आठवड्यांतच पुन्हा अँजिओग्राफी करून फुगवटा कुठल्या दिशेने चालला आहे ते पाहतात. सायक्लोफॉस्फामाइडचा बीजकोशांवर परिणाम होतो, त्यामुळे पुढे मूल हवं असेल तर ते औषध सुरू होण्यापूर्वीच बोला. संकोचापायी हा विषय राहून जातो आणि मग उशीर झालेला असतो.

साधा, दाहाशी संबंध नसलेला ॲन्युरिझम स्टेरॉइडने बरा होत नाही. तिथे स्टेरॉइड वाढवून फक्त रक्तदाब वाढेल.

संसर्गामुळेही ॲन्युरिझम होतो म्हणतात, ते काय?

ल्युपसमध्ये हृदयाच्या झडपांवर निर्जंतुक गाठी बसू शकतात. अशा खराब झडपेवर, प्रतिकारशक्ती दबलेली असताना, जंतू ठाण मांडतात. तिथून सुटलेला संसर्गित कण मेंदूच्या टोकाकडच्या धमनीत अडकला की तिची भिंत आतून कुजते आणि फुगवटा येतो. ताप, नवी धाप, हृदयात नवा आवाज आणि दूरच्या बारीक धमनीवर ॲन्युरिझम असं चित्र असेल तर स्टेरॉइड वाढवण्याआधी ब्लड कल्चर (रक्तात जंतू आहेत का ते पाहणारी तपासणी) आणि हृदयाचा एको व्हायलाच हवा. संसर्गाला व्हॅस्क्युलायटिस समजून प्रतिकारशक्ती आणखी दाबली, तर अनर्थ होतो.

स्टेरॉइडमुळेच हे झालं. बंद करू का?

कृपया करू नका. बरेच दिवस स्टेरॉइड घेतल्यावर शरीराची स्वतःची निर्मिती झोपी गेलेली असते. गोळी एकदम थांबवली तर रक्तदाब कोसळून जीव धोक्यात येऊ शकतो, शिवाय ल्युपस उसळतो तो वेगळाच. मात्रा कमी करणं हे योग्यच उद्दिष्ट आहे. युरोपीय संधिवाततज्ज्ञांच्या संघटनेच्या २०२३ च्या शिफारशींत दीर्घकाळासाठी प्रेडनिसोलोन दिवसाला ५ मिलिग्रॅम किंवा त्याहून कमी असावं, शक्य असेल तर थांबवावं, असंच म्हटलं आहे. पण ते डॉक्टरांच्या देखरेखीखाली, टप्प्याटप्प्याने. हायड्रॉक्सिक्लोरोक्विन हे ल्युपसचं नेहमीचं औषध मात्र चालूच ठेवायचं असतं, त्याची डोळ्यांची तपासणीही न विसरता.

ॲन्युरिझम फुटला तर रुग्णालयात काय काय होतं?

पहिल्या २४ तासांत तो पुन्हा फुटण्याची भीती सर्वाधिक असते. म्हणून रक्तदाब काबूत ठेवून शक्य तितक्या लवकर, जमल्यास पहिल्याच दिवसात, क्लिप किंवा कॉइलने तो बंद करतात. धमन्या आकसल्याने होणारं नुकसान कमी करणाऱ्या निमोडिपिनच्या गोळ्या दर ४ तासांनी, २१ दिवस दिल्या जातात.

ॲन्युरिझम बंद झाला की घरच्यांना वाटतं सुटलो. पण साधारण चौथ्या ते चौदाव्या दिवसांदरम्यान मेंदूच्या धमन्या आकसतात आणि बरा दिसणारा रुग्ण पुन्हा गुंगीत जाऊ शकतो, बोलायला अडखळू शकतो, एका बाजूचा हात गळू शकतो. त्यासाठीच अतिदक्षता विभागात इतके दिवस ठेवतात. मेंदूतलं पाणी तुंबलं तर ते काढायला नळी टाकावी लागते. ल्युपसच्या रुग्णात आणखी एक पेच पडतो: गुंगी आली ती धमन्या आकसल्यामुळे, सोडियम कमी झाल्यामुळे, संसर्गामुळे की ल्युपस मेंदूत उसळल्यामुळे? हे सोडवायला संधिवाततज्ज्ञ रोजच्या राउंडला हवेत. नसतील तर घरच्यांनी तशी विनंती करावी. डॉक्टर रागावतील या भीतीने गप्प बसू नका.

ऑपरेशनच्या आधी ल्युपसच्या बाजूने काय तयारी लागते?

ठरवून करायचं असेल तर ल्युपस शांत असताना करणं केव्हाही बरं. प्लेटलेट मोजतात. मेंदूच्या ऑपरेशनसाठी त्या साधारण १ लाखाच्या पुढे असाव्यात असं मानलं जातं. क्रिएटिनिन, लघवीतलं प्रथिन, कॉम्प्लिमेंट (ल्युपस किती सक्रिय आहे याचा अंदाज देणारी रक्तातली प्रथिनं), अँटिफॉस्फोलिपिड अँटिबॉडी पाहतात. रोज स्टेरॉइड घेणाऱ्याला ऑपरेशनच्या वेळी हायड्रोकॉर्टिसोन या स्टेरॉइडची वाढीव मात्रा लागू शकते, म्हणून भूलतज्ज्ञांना सध्याची आणि मागच्या वर्षभरातली स्टेरॉइडची मात्रा लिहूनच द्या.

गर्भधारणेचं काय?

ॲन्युरिझम आहे म्हणून मूल होऊच नये, असं नाही. ल्युपस किमान ६ महिने शांत असावा, रक्तदाब आटोक्यात असावा आणि ॲन्युरिझमला उपचार लागणार असतील तर ते शक्यतो आधी झालेले असावेत. मायकोफिनोलेट, मेथोट्रेक्सेट आणि सायक्लोफॉस्फामाइड वेळेत थांबवून गर्भाला चालणारी औषधं सुरू करावी लागतात. अँटिफॉस्फोलिपिड अँटिबॉडी असतील तर इस्ट्रोजेन असलेल्या गर्भनिरोधक गोळ्या टाळायच्या.

क्लिप किंवा कॉइल बसवल्यावर एमआरआय करता येतो का?

आजच्या टायटॅनियमच्या क्लिप आणि प्लॅटिनमच्या कॉइल असताना सहसा येतो. फार जुन्या काही क्लिप चालत नाहीत. बसवलेल्या वस्तूचं कार्ड मिळतं, ते जपून ठेवा आणि प्रत्येक स्कॅनआधी दाखवा.

रोजच्या जगण्यात काय सांभाळायचं?

रक्तदाब आणि तंबाखू या दोन गोष्टी. बाकीच्या सगळ्या त्यांच्या मागे.

घरी रक्तदाबाचं यंत्र ठेवा, आकडे वहीत लिहा, ती वही दोन्ही डॉक्टरांना दाखवा. बहुतेकांसाठी १३०/८० च्या खाली हे लक्ष्य असतं. सिगारेट, बिडी पूर्ण बंद. धुरामुळे ॲन्युरिझम होण्याचा आणि फुटण्याचा धोका वाढतोच, शिवाय त्वचेच्या ल्युपसवर हायड्रॉक्सिक्लोरोक्विनचा गुण कमी येतो. वेदनाशामक गोळ्या मनाने घेऊ नका, मूत्रपिंड आणि रक्तदाब दोन्ही बिघडतात. चालणं, हलका व्यायाम चालतो. श्वास रोखून जड वजनं उचलण्याबद्दल मात्र डॉक्टरांना विचारा. प्रवास, शरीरसंबंध, नोकरी हे सगळं लहान, स्थिर ॲन्युरिझम असताना सहसा चालू ठेवता येतं. “जपून राहा” म्हणत घरच्यांनी रुग्णाला खोलीत बसवून ठेवू नये.

रक्तस्रावातून वाचल्यावर पूर्ण बरं होता येतं का?

काही जण होतात, काहींना हातापायांची कमजोरी किंवा बोलण्याची अडचण उरते. आणि बरेच जण बाहेरून ठणठणीत दिसतात, पण आठवण राहत नाही, गर्दीत गोंधळायला होतं, दुपारपर्यंत अंगातलं त्राण संपतं. ल्युपसचा थकवा त्यावर बसतो तेव्हा “आता तर बरी आहेस ना?” हे वाक्य फार लागतं. स्मरणशक्तीची तपासणी, भौतिकोपचार, समुपदेशन हे उपचाराचेच भाग आहेत, आणि कामावर परतताना सुरुवातीला अर्धा दिवस मागून घेणं पूर्ण रास्त आहे.

पुढचे स्कॅन किती वेळा?

न फुटलेल्या, उपचार न केलेल्या ॲन्युरिझमसाठी पहिला स्कॅन साधारण ६ ते १२ महिन्यांत, बदल नसेल तर पुढे वर्षाने किंवा त्याहून जास्त अंतराने. कॉइल केली असेल तर पहिल्या वर्षात एकदा तरी, आणि नंतर डॉक्टर ठरवतील तसं. व्हॅस्क्युलायटिसचा संशय असेल तर हे वेळापत्रक लागू नाही, तिथे स्कॅन आठवड्यांच्या हिशेबाने होतात. आणि मधल्या काळात ल्युपस जोरात उसळला, लघवीतून प्रथिनं वाढली किंवा रक्तदाब चढू लागला, तर न्यूरोसर्जनला फोन करून पुढची तारीख अलीकडे आणावी का ते विचारा.